आवाजाची जागा : द्विकर्णी ध्वनिमांडणीचा इतिहास आणि अहमदनगर जिल्ह्यातील श्रोता

बीजसंज्ञा : ध्वनिमुद्रण, ध्वनिमिश्रण, मोनो, स्टिरिओ, द्विकर्णी मांडणी, लोककला, श्रवणाचा इतिहास

प्रास्ताविक

पोवाडा उभा राहतो तेव्हा शाहीर पुढे असतो आणि झीलकरी त्याच्या पाठीशी. शाहिराने ओळ टाकली की तिचे टोक झीलकरी उचलतात आणि समोर बसलेल्या श्रोत्याला तो सूर शाहिराच्या खांद्यावरून पुढे आल्यासारखा ऐकू येतो. तमाशाच्या बोर्डावर सुरत्यांची जागाही मागेच. वारकरी कीर्तनात टाळकरी कीर्तनकाराच्या मागे आणि दोन्ही अंगांना उभे राहतात; अभंगाचे चरण कधी उजवीकडून, कधी डावीकडून उचलले जातात. ही मांडणी केवळ उभे राहण्याच्या सोयीची नव्हे. पुढचा आवाज एकाचा, मागचा आवाज समूहाचा, आणि मागच्याने पुढच्याला दिलेली साक्ष हा त्या कलाप्रकाराच्या अर्थाचाच भाग होय.

संगमनेरचे शाहीर अनंत फंदी (१७४४–१८१९) यांनी या दोन्ही मांडण्या अनुभवल्या होत्या. अहिल्याबाई होळकरांच्या उपदेशावरून फंदींनी तमाशा सोडून कीर्तनाची वाट धरली, अशी आख्यायिका प्रसिद्ध आहे. अहिल्याबाईंचा जन्म याच जिल्ह्यातील, जामखेड तालुक्यातील चौंडीचा. २०२४ साली त्यांच्याच नावावरून अहमदनगरचे अहिल्यानगर असे नामांतर झाले. फंदींच्या रचना आज छापील स्वरूपात मिळतात. त्यांच्या मागे कोण उभे होते, किती अंतरावर होते, झील कोणत्या बाजूने येत असे, हे मात्र मिळत नाही. लेखन शब्द राखते. आवाजाची जागा राखणे त्याच्या आवाक्यातले नव्हे. विसाव्या शतकात ध्वनिमुद्रण हाती आले, तेव्हा ही उणीव भरून निघायला हवी होती. ती कशी व का राहून गेली आणि आज कानात घालायच्या इअरफोनमुळे ती भरून काढण्याची जी साधने उपलब्ध झाली आहेत, त्यांकडे इतिहासाच्या अभ्यासकाने कोणत्या नजरेने पाहावे, हा प्रस्तुत निबंधाचा विषय आहे.

दोन कानांचे गणित

आवाज कोणत्या दिशेने आला हे माणूस कसे ओळखतो, या प्रश्नाला पहिले समाधानकारक शास्त्रीय उत्तर लॉर्ड रॅले या ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञाने १९०७ साली दिले. उजवीकडून आलेला आवाज उजव्या कानाला आधी पोहोचतो आणि डाव्या कानाला डोक्याला वळसा घालून थोडा उशिरा. सरासरी आकाराच्या डोक्याबाबत हा उशीर जास्तीत जास्त ०.६ ते ०.७ मिलिसेकंद इतका असतो. एवढ्याशा फरकावर मेंदू दिशा ठरवतो. साधारण १,५०० हर्ट्झच्या खालील आवाजांसाठी हा कालभेद मुख्यतः उपयोगी पडतो. त्याहून उंच आवाजांची तरंगलांबी डोक्यापेक्षा लहान होत जाते, डोक्याची जणू सावली पडते आणि पलीकडच्या कानात आवाज क्षीण होतो; तेथे तीव्रतेतील भेद कामी येतो.

परंतु कालभेद आणि तीव्रताभेद या दोहोंनी सारे उलगडत नाही. नाकासमोर असलेला आणि बरोबर पाठीमागे असलेला आवाज दोन्ही कानांना एकाच वेळी व सारख्याच जोराने मिळतो. मग पुढचा शाहीर आणि मागचा झीलकरी वेगळे कसे कळतात? येथे बाह्यकर्णाच्या वळ्या कामाला येतात. पुढून, मागून, वरून येणारा आवाज या वळ्यांवर वेगवेगळ्या तऱ्हेने आपटून आत जातो आणि त्यातील काही उंच कंप्रता दबतात, काही उठतात. हे काम प्रामुख्याने ४ ते ५ किलोहर्ट्झच्या वरच्या पट्ट्यात होते. पुढील इतिहासाच्या दृष्टीने हा आकडा ध्यानात ठेवणे आवश्यक आहे.

तिसरी गोष्ट म्हणजे मान वळवणे. हान्स वॉलाख यांनी १९४० साली प्रयोगांनी दाखवून दिले की, डोके किंचित हलताच पुढच्या आणि मागच्या आवाजांचे भेद परस्परविरुद्ध दिशांनी बदलतात आणि संदिग्धता मिटते. मराठीत यासाठी ‘कानोसा घेणे’ असा नेमका शब्दप्रयोग फार पूर्वीपासून आहे. कानोसा घेणारा माणूस नुसता ऐकत नाही, तो मान तिरकी करून ऐकतो. माळावर रात्री मेंढरांची राखण करणाऱ्या धनगराला हे वॉलाख यांनी सांगण्याची गरज नव्हती.

दोन वाटांनी दोन कानांना आवाज पोहोचवण्याचा प्रयोग मात्र या शास्त्राच्याही आधीचा आहे. १८८१ साली पॅरिस येथे भरलेल्या विद्युत प्रदर्शनात क्लेमां आदेर यांनी ऑपेरागृहाच्या रंगमंचाच्या कडेला टेलिफोनचे प्रेषक ओळीने बसवले आणि दूरच्या दालनातील श्रोत्यांच्या दोन्ही कानांना दोन वेगळे टेलिफोन लावले. गायक रंगमंचावर चालू लागला की तो कोणत्या बाजूला सरकला हे श्रोत्यांना कळत असे. आवाजाच्या जागेचे हे भान त्यानंतर व्यवहारातून जवळजवळ अर्धे शतक मागे पडले.

भोंग्यासमोरची रांग

ग्रामोफोनचे सुरुवातीचे मुद्रण वीज नसलेल्या काळातील होय. एका मोठ्या भोंग्यासमोर कलावंत गात आणि त्यांच्या आवाजाच्या कंपनाने सुई मेणाच्या तबकडीवर रेघ ओढत असे. तेथे ध्वनिमिश्रण नावाची वेगळी क्रिया नव्हती. मिश्रण करायचे ते माणसांना पुढेमागे उभे करून. गायक भोंग्याच्या तोंडाशी, मोठ्या आवाजाचे वाद्य मागे, चढी तान आली की गायकाने डोके मागे घ्यायचे. म्हणजे आवाजाचा तोल पूर्णपणे जागेवर अवलंबून होता, आणि तरीही तयार झालेल्या तबकडीत जागा अजिबात उरत नव्हती. मागे उभे असलेले वाद्य ऐकणाऱ्याला मागे ऐकू येत नसे. ते केवळ बारीक ऐकू येई. ‘दूर’ आणि ‘लहान’ यांतील फरक येथे पहिल्यांदा पुसला गेला. १९२५ च्या सुमारास विजेचे मुद्रण आल्यावर मायक्रोफोन आला, आवाजाची सुस्पष्टता वाढली. परंतु वाट एकच राहिली.

एका वाटेचा आवाज

‘आलम आरा’ हा पहिला भारतीय बोलपट १४ मार्च १९३१ रोजी मुंबईच्या मॅजेस्टिक चित्रपटगृहात झळकला. चित्रीकरणाची जागा रेल्वेमार्गाजवळ असल्याने गाड्यांचा आवाज टाळण्यासाठी बरेचसे काम रात्री करावे लागले आणि मायक्रोफोन नटांच्या आसपास दडवून ठेवावे लागले. ‘अयोध्येचा राजा’ हा प्रभातचा मराठी बोलपट १९३२ च्या फेब्रुवारीत आला. त्याच वर्षीच्या ‘श्यामसुंदर’मध्ये बालकलाकार म्हणून पुढे आलेले शाहू मोडक मूळचे अहमदनगरचे. पुढे प्रभातच्या ‘माणूस’ (१९३९) आणि ‘संत ज्ञानेश्वर’ (१९४०) या चित्रपटांतून त्यांचा आवाज महाराष्ट्रभर पोहोचला. ज्या नेवासे क्षेत्री ज्ञानेश्वरी सांगितली गेली, त्याच जिल्ह्यातील नटाने पडद्यावर ज्ञानेश्वर साकारावा, हा योगायोग नगरकरांना नेहमीच सुखावत आला आहे.

त्या काळातील चित्रपटांचा ध्वनी फितीच्या कडेला प्रकाशाने उमटवलेला असे. त्याची वाट एकच असे आणि ८ किलोहर्ट्झच्या वरचे फारसे काही चित्रपटगृहात पोहोचत नसे. म्हणून मोनो युगातील कलावंतांना जागा नव्हती असे मात्र नव्हे. त्यांनी ती दुसऱ्या मार्गाने निर्माण केली. व्ही. शांताराम यांच्या ‘कुंकू’ (१९३७) या चित्रपटात पार्श्वसंगीत टाळून केवळ स्वाभाविक ध्वनींचा उपयोग केलेला आहे. आवाज जवळचा की दूरचा, खोलीतला की उघड्यावरचा, हे त्याच्या लहानमोठेपणावरून आणि घुमण्यावरून कळते. त्यासाठी दोन वाटा लागत नाहीत. प्रभातच्या ध्वनिविभागाची धुरा सांभाळणारे विष्णुपंत दामले यांच्या पिढीने मोनोतील ही ‘खोली’ चांगलीच ओळखली होती. डावे-उजवे नव्हते आणि पुढे-मागे होते, पण ते पडद्याच्या आतले पुढे-मागे. श्रोत्याच्या पाठीमागे काही घडू शकते ही कल्पना त्यात बसत नव्हती.

ग्रामीण भागाचा अनुभव तर याहून तोकडा होता. पाथर्डी तालुक्यातील मढीसारख्या यात्रांतून तंबूतले सिनेमे लागत. महाराष्ट्रातील अशा फिरत्या सिनेमांची अखेरची वर्षे ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ (२०१६) या माहितीपटात टिपली गेली आहेत. झिजलेली प्रत, तंबूच्या कापडातून आत येणारा यात्रेचा गलबला आणि कर्ण्यातून येणारा आवाज. कर्णा मधल्या पट्ट्यातला आवाज लांबवर फेकण्यासाठी घडवलेला असतो. बाह्यकर्णाला दिशा सांगणारी उंच कंप्रता त्यातून धडपणे बाहेर पडत नाही. मध्यमलहरींवरील रेडिओचेही तेच. २ ऑक्टोबर १९५३ रोजी आकाशवाणीचे पुणे केंद्र सुरू झाले आणि १९५५–५६ मध्ये त्यावरून सादर झालेल्या ‘गीतरामायणा’ने घराघरांत श्रोते बांधून ठेवले. तो प्रभाव शब्द, चाल आणि गळा यांचा होता. जागेचा त्यात वाटा नव्हता, आणि त्यावाचून कोणाचे काही अडलेही नाही, हे प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे.

अडले ते लोककलांचे. कारण भावगीत मायक्रोफोनसाठीच घडले. पोवाडा, तमाशा, भारूड हे प्रकार मैदानासाठी घडले होते. एका मायक्रोफोनपुढे झीलकरी आला की तो शाहिराच्या मागचा समूह राहत नाही, तो बारीक आवाजाचा दुसरा गायक होतो. आवाज वाढवला तर शाहिराला झाकतो, कमी केला तर नाहीसा होतो. मोनो मुद्रणातील तमाशा ऐकताना झील अनेकदा उपरी वाटते, याचे कारण कलावंतात नसून वाटेच्या संख्येत आहे.

डावे आणि उजवे

‘आलम आरा’ प्रदर्शित झाला त्याच वर्षाच्या डिसेंबरात ॲलन ब्लमलाइन या इंग्रज अभियंत्याने ज्याला आज स्टिरिओ म्हणतात त्या पद्धतीच्या पेटंटसाठी अर्ज केला. त्याची हकिकत अशी सांगितली जाते की, बोलपट पाहताना नट पडद्याच्या एका बाजूला आणि त्याचा आवाज भलतीकडून, ही विसंगती त्याला खटकली. त्याने आपल्या शोधाला ‘बायनॉरल’ म्हणजे द्विकर्णी असेच नाव दिले होते. आज मात्र स्टिरिओ हा शब्द ध्वनिक्षेपकांच्या जोडीसाठी आणि द्विकर्णी हा शब्द इअरफोनसाठी रूढ आहे. १९४० च्या ‘फँटेशिया’ या डिस्नेपटासाठी एकाच आवाजाला पडद्याच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरकवणारी कळ वापरली गेली. तीच ‘पॅनपॉट’. पॅन म्हणजे पॅनोरमा, विस्तीर्ण देखावा. स्टुडिओतील प्रत्येक ध्वनिमिश्रकाच्या बोटाखाली असलेल्या या कळीच्या नावात कान नाही, डोळा आहे, ही गंमत ध्यानात घेण्याजोगी आहे.

पॅनपॉट करतो ते एवढेच की, एकच आवाज दोन्ही वाटांना कमीअधिक प्रमाणात वाटून देतो. दोन्हीकडे सारखा दिला तर तो मधोमध ऐकू येतो. कालभेद नाही, वळ्यांचा परिणाम नाही. खोलीत दोन ध्वनिक्षेपक समोर ठेवले असता हे पुरेसे ठरते, कारण उरलेले काम श्रोत्याचे स्वतःचे डोके आणि कान करतात.

भारतात ‘शोले’ने (१९७५) ७० मि.मी. प्रतींसह स्टिरिओफोनिक ध्वनी लोकप्रिय केला. उडवलेले नाणे आपल्याच खुर्चीखाली पडले असे वाटून प्रेक्षक वाकून पाहत, ही आठवण पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. पण ती आठवण मोठ्या शहरांतील मोजक्या चित्रपटगृहांची. इतरत्र मोनो प्रतीच फिरल्या. पुढे १९८० नंतरच्या कॅसेटच्या लाटेत स्टिरिओ मुद्रण खेड्यापाड्यांत शिरले खरे, परंतु ते वाजले टू-इन-वनवर. त्याचे दोन्ही ध्वनिक्षेपक एकाच डब्यात, एकमेकांपासून वीतभर अंतरावर, आणि डबा देवळीत किंवा रसवंतिगृहाच्या फळीवर. तेथे डावे-उजवे कोठून कळणार? जिल्ह्यातील बहुसंख्य श्रोत्यांना दोन वाटा खऱ्या अर्थाने वेगळ्या ऐकू आल्या त्या मोबाईल फोनच्या इअरफोनमधून. म्हणजे ज्यांच्या कलांमध्ये आवाजाची जागा सर्वांत महत्त्वाची होती, त्यांच्यापर्यंत जागा असलेला ध्वनी सर्वांत उशिरा पोहोचला.

खोटे डोके

इअरफोनवर साध्या स्टिरिओची एक अडचण होते. आवाज डावीउजवीकडे सरकतो, पण डोक्याच्या आतच. गायक कपाळामागे कुठेतरी गातो आहे असे वाटते. कारण ध्वनी थेट कानात सोडल्यामुळे डोके आणि वळ्या यांचा परिणाम वगळला जातो. उपाय दोन. एक म्हणजे मुद्रणच माणसाच्या कानांतून करायचे. बेल प्रयोगशाळांनी ‘ऑस्कर’ नावाचा पुतळा यासाठी बनवला आणि १९३३ च्या शिकागो जागतिक प्रदर्शनात लोकांना त्याच्या कानांनी ऐकवले. जर्मनीच्या नॉयमान कंपनीने १९७३ मध्ये कानांत मायक्रोफोन बसवलेले कृत्रिम डोके बाजारात आणले.

दुसरा उपाय गणिताचा. प्रत्येक दिशेकडून आलेला ध्वनी डाव्या आणि उजव्या कानाशी पोहोचताना नेमका कसा बदलतो, हे एकदा मोजून ठेवले की तोच बदल कोणत्याही कोरड्या मुद्रणावर करता येतो. या मोजमापांना तंत्रज्ञ ‘एचआरटीएफ’ म्हणतात. त्यांना डोके व कान मिळून होणारी गाळणी म्हणता येईल. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील संशोधकांनी १९९४ मध्ये ‘केमार’ या पुतळ्याच्या कानांवरील अशी मोजमापे सर्वांसाठी खुली केली आणि पुढील कित्येक संगणकीय प्रणालींचा पाया घातला गेला. या इतिहासात एका भारतीयाचे नाव आरंभीच येते. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत शिकलेले बिष्णू अटल १९६१ मध्ये बेल प्रयोगशाळांत दाखल झाले. ध्वनिक्षेपकांवर द्विकर्णी ध्वनी वाजवला असता डाव्या वाटेचा आवाज उजव्या कानातही गळतो आणि परिणाम बिघडतो. ही गळती उलट ध्वनी मिसळून खोडण्याची पद्धत अटल यांनी मान्फ्रेड श्रोडर यांच्यासह मांडली.

द्विकर्णी पॅनिंग म्हणजे या गाळणीचा मिश्रणातील उपयोग. कळ फिरवल्यावर आवाजाचे केवळ वाटप होत नाही; त्याला कालभेद, तीव्रताभेद आणि वळ्यांचा रंग असे तिन्ही संस्कार होतात. म्हणून तो मागे, वर, खांद्याशेजारी ठेवता येतो. मात्र अनुभवी मिश्रक हे साधन सर्वत्र वापरत नाही. खर्जातील आवाजांना त्याचा लाभ जवळपास नाही. मुख्य गळ्याला लावले तर गाळणीमुळे गळ्याचा पोत बदलतो आणि तो नाकातून आल्यासारखा किंवा पोकळ भासू शकतो. म्हणून गळा मध्यभागी साधाच ठेवून साथ, समूह, परिसरध्वनी आणि सरकते आवाज तेवढे द्विकर्णी करण्याची रीत आहे. सभोवतालच्या भिंतींवरून किंवा जमिनीवरून येणारे प्रारंभीचे पडसाद सोबत दिले नाहीत, तर आवाज डोक्याबाहेर पडत नाही. शिवाय गाळणी एका पुतळ्याच्या कानांची आणि ऐकणारा कान दुसऱ्याचा. त्यामुळे पुढचा आवाज मागे भासण्याची चूक पुष्कळांना होते. मान वळवली की सारा देखावा मानेबरोबर वळतो, कानोसा घेता येत नाही. डोक्याची हालचाल ओळखणारे इअरफोन या उणिवेवर उपाय करतात. ते अद्याप सर्वांच्या खिशाला परवडणारे नाहीत.

आणखी एक अडचण ग्रामीण श्रोत्याच्या दृष्टीने अधिक गंभीर आहे. कालभेद असलेल्या दोन वाटा एकत्र मिसळल्या की काही कंप्रता एकमेकींना खोडतात. इअरफोनवर मागे भरदार वाटणारी झील फोनच्या एकुलत्या ध्वनिक्षेपकावर चिरकी होऊन जाते. म्हणूनच द्विकर्णी मिश्रण मोनोमध्ये ऐकून तपासल्याशिवाय बाहेर पाठवू नये.

‘ख्वाडा’चा माळ

जागेच्या या प्रश्नाला जिल्ह्यातून मिळालेले सर्वांत लक्षणीय उत्तर एका चित्रपटात आहे. श्रीगोंदा तालुक्यातील भाऊराव कऱ्हाडे यांचा ‘ख्वाडा’ २०१५ मध्ये प्रदर्शित झाला. तत्पूर्वी ६२ व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत त्याला विशेष उल्लेख तर मिळालाच, शिवाय महावीर सब्बनवाल यांना प्रत्यक्षस्थळी ध्वनिमुद्रणाचा पुरस्कार मिळाला. अहमदनगरच्या न्यू आर्ट्स महाविद्यालयातील संज्ञापन अभ्यास विभागात शिकत असताना नागराज मंजुळे यांनी ‘पिस्तुल्या’ (२००९) हा लघुपट केला होता; त्या काळापासून या परिसरात चित्रपटाकडे गांभीर्याने पाहणारी पिढी तयार होत होती. त्या पिढीच्या कामाची दखल ध्वनीसाठी घेतली गेली, ही बाब महत्त्वाची आहे.

‘ख्वाडा’ ही भटक्या धनगर कुटुंबाची कथा. जमिनीतून उठवलेली माणसे आणि त्यांच्यासोबतची मेंढरे. हिंदी-मराठी चित्रपटांत संवाद नंतर स्टुडिओत भरण्याची रीत दीर्घकाळ होती. तेथे बोलणारा माणूस कोठेही असो, त्याचा आवाज बंद खोलीतलाच असतो. प्रत्यक्षस्थळी घेतलेल्या ध्वनीत माळाचे उघडेपण संवादाला चिकटून येते. वारा, कळपाची सळसळ, लांबून मारलेली हाक. माळावर भिंती नसतात, त्यामुळे हाकेला घुमारा नसतो. हा अभाव हीच उघड्या जागेची खूण, आणि ती नंतर स्टुडिओत घडवणे फार अवघड असते. पुरस्कार ध्वनिसंयोजनाचा नव्हे तर ध्वनिमुद्रणाचा होता, या भेदातच निबंधाच्या मुख्य मुद्द्याचे सूत्र आहे.

साक्ष आणि मांडणी

कृत्रिम डोक्याने केलेले द्विकर्णी मुद्रण आणि कळ फिरवून केलेली द्विकर्णी मांडणी इअरफोनवर जवळजवळ सारखीच ऐकू येतात. इतिहासाच्या दृष्टीने मात्र त्यांत मूलभूत अंतर आहे. पहिल्यात झीलकरी मागे ऐकू येतो, कारण तो मागे उभा होता. दुसऱ्यात तो मागे ऐकू येतो, कारण मिश्रकाने त्याला मागे ठेवले. पहिली साक्ष, दुसरी भाष्य.

हा भेद आजवर फारसा जाणवला नाही, कारण जुने मोनो मुद्रण फोडून वेगळे करणे शक्यच नव्हते. ‘मुघल-ए-आझम’ (१९६०) २००४ मध्ये रंगीत होऊन पुन्हा प्रदर्शित झाला, तेव्हा बहुवाटी ध्वनीसाठी मूळ गळे ठेवून वाद्यमेळ नव्याने मुद्रित करावा लागला. नौशाद त्या वेळी हयात होते आणि त्यांच्या देखरेखीखाली ते झाले. आता संगणकच शिकवलेल्या नमुन्यांच्या आधारे एका वाटेतील गळा, ताल आणि सूर बऱ्यापैकी अलग करतो. ‘बीटल्स’च्या ‘रिव्हॉल्व्हर’चे २०२२ मधील नवे मिश्रण असेच शक्य झाले. उद्या एखाद्या जुन्या पोवाड्याच्या तबकडीतून झील अलग काढून ती श्रोत्याच्या उजव्या खांद्यामागे ठेवणे मुळीच कठीण राहणार नाही. ऐकायला ते आकर्षक वाटेल, नव्या श्रोत्याला जुन्या गायकीकडे ओढूनही आणेल. त्याला विरोध करण्याचे कारण नाही. परंतु झीलकरी खरोखर उजवीकडे होता काय, याची त्या तबकडीत कोणतीच नोंद नाही. रंगवलेल्या कृष्णधवल छायाचित्रातील शालूचा रंग जितका खरा, तितकीच ही जागा खरी. शंभर वर्षांनंतरच्या अभ्यासकाला हा फरक कळेल अशी व्यवस्था आज करावी लागेल.

धोका केवळ जुन्या मुद्रणांचा नाही. संगमनेरला स्थायिक झालेल्या ज्येष्ठ तमाशा कलावंत कांताबाई सातारकर यांचे २०२१ मध्ये निधन झाले. त्यांच्या पिढीने बोर्ड कसा मांडला, ढोलकी कोठे, हलगी कोठे, सुरते किती पावले मागे, हे ज्यांनी डोळ्यांनी पाहिले त्यांची संख्या दरवर्षी घटते आहे. महाविद्यालयांच्या मराठी, इतिहास व संगीत विभागांकडून लोककलांची मुद्रणे होत असतात. त्यांत बहुधा गायकाच्या हाती एक मायक्रोफोन दिला जातो, किंवा मंडपातील ध्वनिवर्धकाच्या यंत्रातूनच थेट तार घेतली जाते. शब्द स्वच्छ मिळतात आणि जागा पुन्हा हरवते. १९०२ च्या भोंग्यापुढे जे झाले तेच, फक्त अधिक सुस्पष्टपणे.

वास्तविक साक्षीदार मुद्रणाचा खर्च आज फार नाही. कानांत बसणाऱ्या लहान मायक्रोफोनची जोडी आणि दोन वाटांचा खिशातला मुद्रक एवढ्यावर एखादा विद्यार्थीच कृत्रिम डोक्याची जागा घेऊ शकतो. त्र्यंबकेश्वरहून पंढरपूरकडे जाणारी निवृत्तिनाथांची पालखी दरवर्षी या जिल्ह्यातून जाते. रस्त्याच्या कडेला मान न हलवता उभ्या राहिलेल्या विद्यार्थ्याच्या कानांत दिंडी एका बाजूने येते, समोरून टाळ-मृदंगासह ओलांडते आणि दुसऱ्या बाजूला विरते. मोनोमध्ये त्याच दिंडीचा आवाज केवळ वाढतो आणि कमी होतो. पुढच्या ओळीने चरण टाकला आणि मागच्या ओळीने उचलला, हे त्यात ऐकू येत नाही. अर्थात अशा मुद्रणात वाऱ्याचा फरफराट आणि विद्यार्थ्याचा स्वतःचा श्वासही येतो, आणि एकाच्या कानांनी मुद्रित केलेले दुसऱ्याला तितकेच नेमके वाटेल असे नाही. यास्तव जवळच्या मायक्रोफोनचे स्वच्छ मुद्रणही समांतर ठेवावे लागते.

या दोहोंसोबत तिसरी वस्तू कागदाची असावी: मुद्रणाच्या वेळी हाताने काढलेला बोर्डाचा किंवा रिंगणाचा आराखडा. शाहीर कोठे, झीलकरी किती आणि किती फूट मागे, मुद्रक कोणत्या दिशेला तोंड करून उभा होता, तारीख व गाव. पुढे कोणी त्या मुद्रणाची द्विकर्णी मांडणी करायची ठरवली, तर कळ कोठे थांबवायची हे त्याला या कागदावरून समजेल. आणि कागदापासून दूर जाऊन त्याने आवाज दुसरीकडे ठेवला, तर तेही तपासता येईल.